भिंतीपलीकडचा फ्रीज

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
भिंतीपलीकडे फ्रीज उघडतो.
रबर सुटल्याचा चिकट आवाज,
बाटल्यांची किणकिण,
मग बराच वेळ काही नाही.

हिरोसाकीतला माझा हा सहावा हिवाळा.
अर्ध्या खिडकीपर्यंत बर्फ चढलाय.
रॉकेलची शेगडी दर तीन तासांनी शिट्टी देते,
खोलीत कुणी जागं आहे का, विचारते.
मी बटण दाबते. आहे.
परीक्षेला एकोणीस दिवस.
आज पचनसंस्था.

तोंडापासून सुरू करून खाली उतरत जाते,
पाहुण्याला घर दाखवावं तशी.
अन्ननलिकेतली जळजळ, आडवं झालं की वाढणारी.
कच्च्या बांगड्यातून येणारी दोऱ्याएवढी अळी,
जेवणानंतर काही तासांत जठरात कळ.
पित्ताशयातले खडे.
स्वादुपिंडाची सूज, पाठीत घुसणारी, पुढे वाकलं की जरा बरं.
अपेंडिक्सचं दुखणं बेंबीपाशी सुरू होतं
आणि उजवीकडे खाली जाऊन बसतं,
आपली जागा उशिरा आठवल्यासारखं.

ड्युओडेनमचा अल्सर.
दुखतं रिकाम्या पोटी. मध्यरात्रीनंतर.
काही खाल्लं की थांबतं.
या ओळीवर मी पिवळी रेघ ओढत होते
आणि फ्रीज उघडला.

पेन होतं तिथेच राहिलं. कागदावर पिवळा डाग पसरत गेला.

ओसानाई-सान. वय अडुसष्ट. एकटे.
जानेवारीतही शिडीवर चढून सफरचंदाच्या झाडांची छाटणी करतात.
पहाटे माझ्या दारापुढचा बर्फ न सांगता उपसतात.
कंबर धरते, मग औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या गोळ्या.
"शेंगदाण्यासारख्या खातो," एकदा जिन्यात म्हणाले,
आणि सहा वर्षं वैद्यक शिकलेली मी
हसले होते.

नोव्हेंबरातच सांगितलं होतं त्यांनी:
पोट नियानिया करतं.
माझ्या गावी, तिकडे दक्षिणेला कोचीत,
नियानिया म्हणजे गालातल्या गालात हसणं.
मला वाटलं, म्हातारा मजेत आहे.
इथल्या बोलीत ते दुखण्याचं नाव आहे,
बारीक, मंद, न संपणाऱ्या,
हे परवा कॅन्टीनच्या बाईने भात वाढता वाढता सांगितलं.
एकाही प्रश्नसंचात हा शब्द नाही.

सकाळी त्यांच्या दारात उभी राहिले.
परवाना नाही. केस विंचरलेले नाहीत.
विचारलं, शौचाचा रंग कसा असतो हल्ली?
ते हातातल्या फावड्याकडे बघत राहिले.
"माकुळाच्या शाईसारखा," म्हणाले. "दोन आठवडे झाले.
समुद्रशेवाळ फार खातो ना, त्यामुळे असेल."

पाच पर्याय नव्हते.
मागच्या पानावर उत्तर नव्हतं.
मी म्हटलं, बूट घाला.

विद्यार्थिनी म्हणून मला आत उभं राहू दिलं.
रात्री मी उतरले होते त्याच वाटेने कॅमेरा उतरला,
पण पुस्तकातलं पोट कोरडं आणि स्थिर असतं.
हे हलत होतं, चमकत होतं,
कुणी आलंय हे कळल्यासारखं आक्रसत होतं.
मग तो खळगा. वाटाण्याएवढा,
तळाशी पांढरा, कडेला काळं गोठलेलं रक्त.
सर म्हणाले, आणखी आठवडाभर थांबले असते तर.
पुढचं वाक्य त्यांनी पोटातच ठेवलं.

आता अकरा दिवस उरलेत.
ओसानाई-सान घरी आलेत, गोळ्यांच्या तीन पाकिटांसह,
आणि साके बंद केल्याचा राग माझ्यावर धरून.
दोन वाजून दहा मिनिटांनी काहीच उघडत नाही.
मी मात्र जागी होते, कान भिंतीला लागलेला,
आणि झोप परत येत नाही.

आज पहाटे पुन्हा फावड्याचा आवाज.
चपला तशाच सरकवून धावले, ओरडले,
हातातून फावडं ओढून घेतलं.
ते उंबऱ्यावर उभे राहून मला शिकवत होते
गुडघे कसे वाकवायचे.
दोन्ही दारांपुढचा बर्फ उपसला.

आता कंबर धरलीये.
खणात एक पांढरी गोळी आहे.
खण बंद करते.
यकृत अजून सगळंच बाकी आहे.